सदतीस नंबरची कॅसेट

सातारा,
१८ जानेवारी २०२४

तीर्थरूप आबांना,
अंकिताचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांत करून आम्ही सुखरूप पोचलो. आईनं दिलेल्या तिळाच्या वड्या यांनी एस.टी.तच निम्म्या संपवल्या आणि वर मलाच विचारलं, की एवढ्याच होत्या का. तुमची तब्येत कशी आहे? ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी तुमचं स्वरयंत्र काढलं तेव्हाच बजावलं होतं, की गळ्याच्या छिद्रातून गार वारं आत जाता कामा नये. तेव्हा उपरणं दोन पदरी बांधत जा.

फोनवर तुमच्याशी बोलता येत नाही आणि मोबाइलवर टाइप करायला तुम्ही तयार नाही, म्हणून हुकमाप्रमाणे हे पत्र. शाळेत तीस वर्षं क्लार्क असलेल्या माणसापुढं माझं अक्षर काय टिकणार! पण चुका लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवू नका.

आता त्या डबीबद्दल. टीव्हीशेजारी ठेवलेली ती साबणाच्या वडीएवढी डबी म्हणजे एक आख्खा संगणक आहे. तिच्यात नखाएवढं मेमरी कार्ड आहे आणि त्यात तुमच्या कुस्ती मैदानांच्या त्रेचाळीस कॅसेटी भरल्या आहेत. स्पीकरवाल्या दादासोकाकांनी तुमचं निवेदन इतकी वर्षं टेप करून ठेवलं नसतं तर आज काय राहिलं असतं! घरच्या वायफायवरून तुमचा आवाज टीव्हीवर लागेल, आईच्या मोबाइलवर लागेल, स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवरही लागेल. आईला कसं लावायचं ते दाखवलं आहे. तिला वाचायची अडचण, म्हणून नुसते एक ते त्रेचाळीस आकडे ठेवले आहेत.

एकच पथ्य. डबी आधी मोबाइलवरून बंद करायची, तिचा हिरवा दिवा विझला की मगच भिंतीवरचं बटण. ढगात गडगडलं की घरातल्या सगळ्या पिना उपसायची आपली सवय इथं नको. चालू डबीची वीज तोडली तर कार्ड खराब होतं. दिवाळीत परत आणून दिलेल्या मूळ कॅसेटी माळ्यावरच्या पेटीत आहेतच, त्यांना तेवढं उंदरांपासून जपा.

माझं चुकलंमाकलं पोटात घाला आणि माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
अंकिता


शिराळा,
२ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. अंकितास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. चुका सात होत्या, लाल पेन सापडला नाही. जावईबापूंना सांग, वड्यांचा दुसरा डबा पाठवतो, पण तो तुझ्या हातात देण्याच्या अटीवर.

इकडे ऊस कारखान्याला गेला. म्हैस गाभण आहे. मी बरा आहे. हे तीन वाक्यांत संपले, आता खरे लिहितो.

पोरी, तू डबी ठेवून गेलीस तेव्हापासून या घरात दोन नाथाजी झालेत. एक टीव्हीत बोलतो, दुसरा ताटावर चमचा वाजवतो. मला काही हवे असले की ताट वाजवायचे, हा आमचा रिवाज पडला आहे. पाटीवर लिहून दाखवावे तर तुझ्या आईची शाळा दुसरीत सुटलेली. अक्षर अक्षर लावेपर्यंत माझा चहा निवतो आणि डोके तापते.

आणि ती? सकाळी धार काढून झाली की डबी लावते ती दुपारच्या भाकरीपर्यंत. एक नंबरची कॅसेट संपली की दोन, दोन संपली की तीन. चाळीस वर्षांत तिने एक कुस्ती पाहिली नाही, आखाड्यातल्या धुळीने तिला शिंका यायच्या. आता मात्र स्पीकरला कान लावून बसते. मी समोर बसलेलो असतो, माझ्याकडे बघतही नाही. शेजारच्या राणीवहिनी परवा पापड लाटायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, की काय आवाज हुता वं तुमचा, निस्ता खणखणीत. हुता म्हणाल्या. मी उठून गोठ्यात गेलो.

माझा हेवा मलाच वाटतो म्हणून सांगितले तर तू हसशील. हस. पण मेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालून त्याच माणसाला फोटोसमोर बसवले तर त्याला कसे वाटेल, एवढे बघ. काल मी दोनदा भिंतीवरचे बटण बंद केले. तिने दोनदा परत लावले.

इकडची काळजी करू नकोस असे लिहायची पद्धत आहे. यावेळी ते लिहीत नाही. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
आबा


सातारा,
९ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप आबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी हसले नाही. वर्गात पोरांना वायरी जोडायला शिकवत होते तेव्हाही तेच डोक्यात होतं. डबी देताना मला वाटलं होतं, तुम्हाला तुमचा आवाज परत देतेय. तुम्हाला विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. चुकले.

पण आबा, बटण बंद करू नका हो! राग आला तर डबी कपाटात ठेवा, पण आधी मोबाइलवरून बंद करून. दोनदा कार्ड वाचलं, दरवेळी वाचेलच असं नाही. आणि पेटीतल्या कॅसेटींचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मी इथं दुसरी प्रत ठेवलेली नाही. त्या आहेत, या भरवशावर आहे.

आईशी काल फोनवर बोलले. तिला विचारलं, की एवढं काय ऐकतेस गं त्यात. ती म्हणाली, की आसंच, येळ जातोय. मग म्हणाली, की गुरांना बी नावानं हाक मारत्यात, मला ताट वाजवून बोलिवत्यात. लग्न झाल्यापासनं घरात कवा नाव घिऊन हाक मारली न्हाई, निस्तं आगं म्हनायचं. आता त्ये बी गेलं.

हे तुम्हाला लागेल हे माहीत असून लिहिते आहे. तुमच्या पिढीत बायकोचं नाव घेत नसत, मला माहीत आहे. पण दवाखान्यातून गळ्याला लावायचं ते बोलायचं यंत्र दिलं आहे, ते ट्रंकेत पडून आहे. एकदा तरी लावून बघा. डॉक्टर म्हणाले होते, सरावानं जमतं. दवाखान्यात तुम्ही ते लावलंत तेव्हा शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला, तो विसरा ना आता. तो काही आपल्या घरात राहत नाही.

रागावलात तरी चालेल, पण पत्र लगेच लिहा.

तुमची,
अंकिता


शिराळा,
२० फेब्रुवारी २०२४

चि. सौ. अंकितास,
अनेक आशीर्वाद.

डबी बंद पडली. मी पाडली.

शनिवारी सकाळी घरामागच्या परड्यात माझ्या गळ्याच्या छिद्रात कफ अडकला. श्वास घेता येईना. ताट हाताशी नव्हते, बादली आपटली. आत मैदान रंगात आलेले, माझाच आवाज छपरापर्यंत. तिला बादली ऐकू आली नाही. नळाच्या पाण्याने कपडा ओला करून कसेतरी मीच साफ केले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मग आत गेलो आणि पीन वायरीसकट उपटली. ती काही बोलायच्या आत परत खुपसली आणि परत उपटली. किती वेळा ते मोजले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बटण लावले तर हिरवा दिवा आलाच नाही. ती डबी पदराने पुसत होती. माझ्यावर ओरडली असती तर बरे झाले असते.

आता कॅसेटींचे. मागच्या पत्रात मी ते टाळले. दिवाळीनंतर एकदा एका मैदानावरून मला बोलावणे आले. बोलायला नव्हे, सत्कार घ्यायला. फेटा बांधून खुर्चीवर बसवले आणि माईकवर दुसराच कोणी. घरी येऊन ती पेटी उतरवली आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कॅसेटी पाण्याच्या बंबात घातल्या. तुझी आई गिरणीत गेली होती. प्लास्टिकचा वास कशाचा येतोय म्हणाली, तर मी हात हलवून टाळले. तुझ्याकडे प्रत असेल असे धरून चाललो होतो. तू माझ्याकडे कॅसेटी आहेत असे धरून चाललीस.

कार्ड कागदात गुंडाळून सोबत पाठवतो आहे. काही होत असेल तर बघ. मला माफ कर असे मुलीला कसे लिहितात, मला ठाऊक नाही.

आबा


सातारा,
४ मार्च २०२४

तीर्थरूप आबांना,
न. वि. वि.

राग आला होता म्हणून आठ-दहा दिवस लिहिलं नाही. श्वास अडकल्याचं वाचून घाबरले, आणि पुढचं वाचून डोकं फिरलं. दोन्ही एकाच पत्रात कशाला घातलंत? कुणावर रागवावं तेच कळेना.

मी शिकवते तिथल्या मानसिंग सरांनी आठ दिवस खटपट केली. त्रेचाळीसपैकी नऊ हाताला लागल्या, त्याही मध्ये मध्ये तुटतात. त्या नव्या कार्डावर भरते आहे आणि यावेळी तीन ठिकाणी ठेवते आहे. बाकीच्या गेल्या.

आता शांतपणे वाचा. आई माझ्याशी फोनवर रडली. डबीसाठी नाही. ती एक कॅसेट शोधत होती. एवढे दिवस एकापासून सुरू करून ओळीनं ऐकत होती, कारण कुठल्या आकड्यात काय आहे ते तिला माहीत नव्हतं. तिला हवं ते मैदान संपत आल्यावरचं होतं, म्हणून एकही अर्धी सोडत नव्हती. एकतिसापर्यंत पोचली होती.

माझा जन्म व्हायच्या आदल्या वर्षी तुम्ही दोघं सिद्धनाथाच्या यात्रेला म्हसवडला गेला होता ना? तुम्हाला तिथल्या मैदानात निवेदनाला उभं केलं आणि मैदान सुटताना आई सापडेना. तुम्ही माईकवरून आधी म्हणालात, की हिरवं लुगडं नेसलेली आमची मंडळी कुणाला दिसली का. लोक हसले, कारण निम्म्या बाया हिरव्या लुगड्यातच होत्या. मग दादासोकाका म्हणाले, की आरं गड्या, नाव सांग की. आणि तुम्ही नाव घेतलंत. बनुबाई नाथाजी, जिथं असाल तिथून स्टेजकडं या. अकरा वेळा.

आबा, ती हरवली नव्हती. स्टेजच्या मागं चिंचेखाली पिशवी घेऊन बसली होती. पहिल्याच हाकेला तिनं ऐकलं होतं. मला म्हणाली, की उठलेच न्हाई गं, म्हनलं अजून एकदा म्हनत्यात का बघू. अकरावीला तुमचा आवाज कापरा झाला, तेव्हा उठली.

दादासोकाकांच्या चिठ्ठीवरून मी माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं. नंबर सदतीस, म्हसवड. एका शब्दानं बोलली असती तर दोन मिनिटांत लावून दिली असती. तर म्हणते, आसलं पोरीला कुनी सांगतं व्हय.

सदतीस नंबर वाचलेल्या नवांत नाही. मी मानसिंग सरांना दोनदा बघायला लावलं.

तुम्हा दोघांचा लोभ मला हवा आहे, आणि एकमेकांवरचाही.

तुमची,
अंकिता


शिराळा,
१२ मार्च २०२४

चि. सौ. अंकितास,
आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मी शेताच्या बांधावर बसून वाचले आणि तिथेच बसून राहिलो. एक गोष्ट तुझ्या आईने तुला सांगितलेली दिसत नाही. त्या दिवशी ती स्टेजपाशी आली तेव्हा मी माईक बाजूला धरून तिच्यावर खेकसलो होतो, चारचौघांत. एवढ्या वर्षांत तिने त्यातले खेकसणे टाकून दिले आणि अकरा हाका तेवढ्या ठेवल्या. मी बंबात घातले ते माझे नव्हतेच, तिचे होते.

ट्रंकेतून ते यंत्र काढले. बॅटरी मेलेली, ती दिवसभर चार्जिंगला लावली. मग गोठ्यात जाऊन सराव केला. गळ्याला लावायचे, ओठ हलवायचे, मध्येच बटण सोडायचे. आवाज कसला, डब्यात कोंडलेला भुंगा. पहिल्या दिवशी म्हशीने दावे तोडले. चार दिवसांत ती सरावली. म्हशीला समजते तर माणसालाही समजेल असे धरून चाललो.

काल दुपारी तुझी आई परड्यात शेण्या थापत होती. मी पुढच्या सोप्यात खुर्ची घेऊन बसलो, उपरणे सोडले आणि यंत्र गळ्याला लावले. म्हटले, बनुबाई नाथाजी, जिथे असाल तिथून सोप्याकडे या.

परड्यातला थापण्याचा आवाज थांबला. म्हणजे ऐकू गेले होते. पण ती आली नाही. पुन्हा म्हटले. पुन्हा. मला तुझे पत्र पाठ झाले होते, म्हणून मोजत होतो. आठ, नऊ, दहा. अकरावी हाक मारली आणि दाराकडे बघत बसलो. आली नाही. मला वाटले, असल्या आवाजातले नाव तिला नको असेल. खरे सांगतो, पोरी, रडू आले. पण म्हटले, मैदानात घसा फाटेपर्यंत परक्या पैलवानांची नावे घेतली, आणखी एकदा घ्यायला काय जाते? बारा. तेरा. अठराव्या हाकेला बॅटरी संपली आणि यंत्र नाथाजीपाशीच मुके झाले.

तेव्हा ती आली. कोपरापर्यंत हात शेणाने भरलेले, डोळे लाल. दारात उभी राहून म्हणाली, थांबलासा का वं?

नऊ कॅसेटींचे कार्ड सवडीने आण, घाई नाही. यंत्र आत्ता चार्जिंगला आहे. त्याचा दिवा हिरवा झाला का, हे तुझी आई सकाळपासून चार वेळा बघून गेली आहे. पीन कुणी काढू नये म्हणून तिने बटणाला चिंधी बांधून ठेवली आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझा,
आबा