गव्हाणी चाटूनपुसून साफ

निर्मला,

तू नदीवरून येईपर्यंत मला दूध घेऊन सिंधीपुऱ्यात पोचायचं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

तुझा अंदाज बरोबर निघाला. नव्या राज्याच्या शेतकी शिबिरातून शिकून आलीस आणि म्हणालीस, खड्ड्यात मुरवलेली हिरवी ज्वारी गाईमागे रोज तीन टोपल्या लागेल. गाई निम्मीही खाईनात, तेव्हा चारा सडला म्हणून सगळ्यांत जास्त आरडाओरडा मीच केला.

आता खरं ऐक. त्या आंबूस वासापायी गाई उपाशी राहतील या धास्तीने मी रोज पहाटे त्यांना पोटभर कडबा घालत होतो. भरल्या पोटी त्या काय खाणार? काल असीरगढला लेकीकडे राहिलो, कडबा चुकला. आज येऊन बघतो तर गव्हाणी साफ, वर मोरी गाय आणखी मागत हंबरतेय. माझा तर जीव भांड्यात पडला.

खड्डा बुजवायला बोलावलेले गडी परत पाठवले. प्रकाशला मीच सांगतो. त्याने बायकोला ऐकवलं, ते बापाला ऐकवायला हवं होतं.

कडब्याच्या खोलीला कुलूप लावलंय. किल्ली तुझ्या वहीवर आहे. मी मागितली तरी देऊ नकोस.

तुझा सासरा,
मोतीलाल