तिसऱ्या ओळीतला ढग

मी ऑर्विल ट्वाइट, वय अठ्ठ्याहत्तर, धान्यकोठारावरचा निवृत्त मिस्त्री, राहणार हार्लो बेंच, मोंटाना. माझं हृदय आता थोड्या दिवसांचा सोबती आहे असं डॉक्टर सांगतात. डोकं मात्र ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने लिहीत नाही. आधीचं रद्द समजावं. त्यात मी एक गोष्ट दडवली होती.

१. घर आणि त्यातलं सामान मुलगी मार्डेल हिला. तळघरातला बंदुकीच्या दारूचा वास जायचा नाही, बाळा, त्याबद्दल माफ कर.

२. काडतुसं भरण्याचं दाबयंत्र आणि गोळीचा वेग मोजायचं यंत्र गावच्या नेमबाजी मंडळाला. दारू तोलायचा काटा मेव्हणा डेल्मरकडे आहे. "शनिवारी आणून देतो," म्हणाला होता. त्याला सतरा वर्षं झाली. काटा त्याच्याकडेच राहू द्यावा, पण मी दिला असं त्याने म्हणू नये.

माझ्या हातची भरलेली काडतुसं मात्र कोणालाही देऊ नयेत, नष्ट करावीत. कारण पुढच्या कलमात आहे.

३. माझी हिरवी वही ड्वेन स्टेन्स्ली याला. चाळीस वर्षं आम्ही दोघं दर शनिवारी माळावर जायचो. तो रिव्हॉल्व्हर झाडायचा, मी यंत्रावरचे आकडे लिहायचो. पाच गोळ्यांच्या वेगात पंधरा फुटांहून जास्त फरक पडत नाही, हा माझा तोरा होता.

९ ऑक्टोबर २००४ चं पान त्याने उघडावं. पहिली गोळी, सेकंदाला आठशे बेचाळीस फूट. दुसरी, आठशे सदतीस. तिसरीला आकडाच उमटला नाही.

ड्वेन म्हणाला, "आवाज बसका आला रे. नळीतून बघतो जरा."

मी म्हणालो, "यंत्रावर ढगाची सावली पडली असेल. मी भरलेली आहेत ती. मार तू."

आणि तिसऱ्या ओळीत 'ढग' लिहून मोकळा झालो. त्या काडतुसात दारू घालायचीच राहिली होती. बुडाच्या टोपीच्या नुसत्या ठिणगीने गोळी नळीपर्यंतच गेली आणि तिथे अडकून बसली होती. चौथीला रिव्हॉल्व्हर फुटलं. ड्वेनच्या उजव्या हाताची दोन बोटं आणि उजवा डोळा गेला.

रिव्हॉल्व्हर त्याच्या वडिलांचं होतं. जुनं लोखंड, दगा दिला, असं मीच गावभर सांगितलं. दवाखान्यात तो मला म्हणाला, "म्हाताऱ्याने फुटकं लोखंड दिलं रे मला. तुझ्या गोळ्यांना उगाच बोल लागला." मी म्हणालो, "असू दे." या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते.

त्याने वडिलांचा फोटो भिंतीवरून उतरवला. मे महिन्यात सगळं गाव थडग्यांवर फुलं वाहतं, तेव्हा तो वडिलांच्या थडग्यावरून पुढे निघून जातो. ड्वेन, तुझ्या वडिलांचं लोखंड चांगलं होतं. पानाच्या माथ्यावर माझ्याच अक्षरात बघ: 'वारा नाही. आभाळ स्वच्छ.'

हे तुला तोंडावर सांगायची हिंमत मला झाली नाही.

४. ड्वेनने सांगून ठेवलंय, "तुझ्या शवपेटीचा उजवा कोपरा माझा. तीन बोटांनी उचलीन, पण उचलीन." मार्डेलने कलम तीन त्याला पेटी उचलण्याआधी वाचून दाखवावं, नंतर नव्हे. तो घरी निघाला तर अडवू नये. त्याच्या जागी दुसरा माणूस लावू नये. पेटी कलली तर कलू द्यावी.

सही: ऑर्विल ट्वाइट

आमच्यासमोर वाचून सही केली:
लोविना पेडरसन, परिचारिका
आर्लन कूप, टपालवाला

हार्लो बेंच, ९ ऑक्टोबर २०२२. वारा नाही. आभाळ स्वच्छ.