आधी ओव्हन तापवून घ्या

३ फेब्रुवारी
आजपासून घरचा पाव. ठरलं म्हणजे ठरलं. कोपऱ्यावरच्या पाववाल्याचा पाव सकाळी मऊ आणि संध्याकाळी नुसता स्पंज. लेकीने दिलेला ओव्हन कपाटावर धूळ खात होता, तो खाली काढला. कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळला, ओव्हन म्हणजे त्याचं नातवंडच. हिला सांगितलं, आता तू आराम कर, न्याहारीची काळजी माझी. ही ओव्हनवरून पडलेली धूळ पुसायला लागली. भारावली असावी.

५ फेब्रुवारी
पहिला पाव. वरून काळा, आतून ओला. ओव्हनबरोबर आलेल्या पुस्तकात म्हटलंय, मध्यभागी सुरी घाला, ती कोरडी बाहेर आली पाहिजे. बाहेर येईचना. ओढून काढली. चूक हाताने मळण्यात आहे. हाताला अंदाज असतो, शास्त्र नसतं. यंत्र घ्यायला हवं. दमलो. भांडी सिंकमध्ये भिजत टाकून आडवा झालो.

६ फेब्रुवारी
भिजत टाकलेली भांडी सकाळी लख्ख! रात्रभर पाण्यात राहिली की आपोआप निघतात. बायका उगाच घासत बसतात. हिला सांगायला गेलो तर ही हाताला क्रीम चोळत होती. म्हणाली, असं का?

९ फेब्रुवारी
पीठ मळायचं यंत्र आलं. उचलायला शेजाऱ्याला बोलवावं लागलं. ओट्यावर ठेवलं. तिथले चहा-साखरेचे डबे तात्पुरते खिडकीत हलवले. ही म्हणाली, तात्पुरते म्हणजे किती दिवस? तात्पुरते म्हणजे तात्पुरते, म्हटलं. यंत्र सुरू केल्याबरोबर ओट्यावरून चालायला लागलं. दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. खांदे भरून आले. हाताने मळण्याइतकाच त्रास होतो, पण शास्त्रशुद्ध.

१४ फेब्रुवारी
डिजिटल काटा, थर्मामीटर, केकचे रबरी साचे, पावाचे एकसारखे काप करायची चौकट. आता कमी कशाचीच नाही. कपाटं भरली. ही एका शेगडीपाशी अंग चोरून स्वयंपाक करते. म्हणाली, उद्यापासून मांडीवर ताट घेऊन भाजी चिरू का? विनोदबुद्धी शाबूत आहे, बरं वाटलं.
आजचा पाव छान फुगला. मग बसला. दुपारनंतर माझंही तसंच होतं.

१८ फेब्रुवारी
हिच्या धाकट्या बहिणीचा फोन. भावजी, पावाची नुसती बातमीच ऐकतेय, खायला कधी बोलावता? म्हटलं, एकवीसला संध्याकाळी चहाला ये. फोन ठेवल्यावर ही म्हणाली, मला विचारायचंत तरी. म्हटलं, तुला काही करायचंच नाहीये, सगळं मी करणार. यावर ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. आदराने असेल, पण खात्री नाही.

२१ फेब्रुवारी, सकाळी
पुस्तकात पहिलीच सूचना: आधी ओव्हन तापवून घ्या. पूर्ण आचेवर तापवला. वास यायला लागला. वाटलं, नवीन यीस्ट असेल. मग धूर आला. दार उघडलं. आत हिच्या डब्यांची प्लॅस्टिकची झाकणं. म्हणजे, एकेकाळची. जाळीतून खाली लोंबत होती.
ओव्हनमध्ये झाकणं कोण ठेवतं? तसं विचारलं. ही म्हणाली, दुसरीकडे जागा ठेवलीत कुठे? मग अगदी शांतपणे म्हणाली, बॉयलर पेटवायच्या आधी आत डोकावायचात ना? रोज? मग घरात कधी डोकावणार?
मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ओरडली असती तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
मेहुणी आली. चहा घेतला आणि बहिणीला घेऊन गेली. हिची पिशवी आधीच भरलेली दिसली. जाताना ही म्हणाली, ओटा रिकामा झाला की फोन करा, मग येते. रिकामा म्हणजे रिकामा.
माणसाला हवापालट लागतो. मलाही निवांतपणे प्रयोग करता येतील. एकूण दोघांच्याही सोयीचं झालं.
घर फार मोठं वाटतंय. ओटा सोडून.

२२ फेब्रुवारी
सकाळी चहाचा डबा सापडेना. खिडकीत नाही. फोन केला. म्हणाली, काट्याच्या खोक्यामागे, साच्यांच्या खाली. न बघता सांगितलं. मग विचारलं, ओटा? म्हटलं, सुरुवात होतेय.
साखर विचारायची राहिली. बिनसाखरेचा प्यायलो. प्रकृतीला चांगला.

२४ फेब्रुवारी
भांडी दोन दिवस भिजताहेत. निघत नाहीत. पूर्वी एका रात्रीत निघायची. पाण्यात काहीतरी बदल झालाय. नळवाल्याला विचारायला हवं.

२५ फेब्रुवारी
उत्तम विचार सुचला. ओटा आवरण्यापेक्षा एक फक्कड पाव करून मेहुणीकडेच न्यावा. एक तुकडा खाल्ला की ही आपणहून पिशवी भरेल. मळला, फुगवला, भाजला. आकार पुस्तकातल्यासारखा! रंगही. गरम गरम घेऊन गेलो.
हिने तुकडा तोडून तोंडात टाकला. चावत राहिली. नुसतीच चावत राहिली. मग म्हणाली, झाकणाची चव आहे. मेहुणी म्हणाली, हो ना भावजी, घट्टही बसलंय अगदी. दोघी हसत सुटल्या. ही डोळ्यांना पदर लावून हसत होती. किती दिवसांनी हसली, आठवेना. मलाही हसू आलं. पाव हातात होता म्हणून जपून हसलो.
मग डोळे पुसून हिने विचारलं, ओटा?
एकटाच परत आलो, पावासकट. कोपऱ्यावर पाववाल्याने काखेतला पाव बघितला. म्हणाला, काका, आमच्याकडचा नाही ना? नाही म्हटलं. म्हणाला, मग ठीक आहे.

२६ फेब्रुवारी
काही केलं नाही. ओव्हनही थंड, मीही. खुर्चीतून ओट्याकडे बघत बसलो. इथे ती चहा उतू जाऊ नये म्हणून उभी राहायची, तेवढीच जागा. आता तिथे थर्मामीटर आहे.

२७ फेब्रुवारी
भांडी घासली. सगळी. वाळलेलं पीठ म्हणजे सिमेंट. नखं गेली, कंबर गेली. हाताला आग सुटली तेव्हा क्रीम शोधलं. ते मात्र लगेच सापडलं, सिंकशेजारीच होतं.
कारखान्यात बॉयलरची राख काढायला वेगळा माणूस होता. इथेही होता, हे आज लक्षात आलं.
यंत्र उचललं नाही. ढकलत ढकलत दाराशी नेलं. साचे, चौकट, काटा माळ्यावर. ओटा रिकामा. केवढा आहे! आपल्याकडे एवढा ओटा होता, मला माहीतच नव्हतं.
फोन केला. म्हणाली, उद्या येते. खोटं सांगत असाल तर दारातूनच परत जाईन.

२८ फेब्रुवारी
आली. चप्पल काढायच्या आधी आत डोकावली. ओट्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, मग पिशवी खाली ठेवली. चहाचा डबा जुन्या जागी ठेवला. माळ्यावरून एक रबरी साचा मागून घेतला आणि उघड्या डब्यावर दाबला. चपखल बसला. म्हणाली, चला, झाकण मिळालं. यंत्रामुळे दार वाऱ्याने आपटत नाही. घेताना हा गुण कोणी सांगितला नव्हता.
मला म्हणाली, चहा टाका, आणि पाव घेऊन या. कुठला, असं विचारणार होतो. विचारलं नाही.
पाववाल्याने न बोलता बांधून दिला. मोठ्या मनाचा माणूस.
दोघांनी चहात बुडवून खाल्ला. संध्याकाळ झाली होती, तरी मऊ होता.
दमलो. कप भिजत टाकले नाहीत.