बुरोंडीची हाळी

४ मे
अंतिम मुलाखतीसाठी आमच्या शिकवणी केंद्रातून एकटी रुकसार (यापुढे रु.). वडील बुरोंडीला होडीवर, आई मासळी विकते; घरातून महाविद्यालयात जाणारी ही पहिलीच. पुण्याची शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क, वसतिगृह, पुस्तके, सारे सुटले. न मिळाली तर मासळी गोठवण्याच्या कारखान्यात. तेथे नाव घालून ठेवले आहे.
गणित उत्तम. बोलणे असह्य. प्रत्येक वाक्याचे शेपूट वर उचलते. 'नाय', 'गो', 'काय झाला'. पुण्याचे निवड मंडळ हसणार नाही, सभ्य माणसे आहेत. गुण मात्र कमी देतील.
मुलाखत २३ ला, संगणकावर. तोवर रु. येथेच राहणार; बोलण्याची तयारी माझ्याकडे.

७ मे
पद्धत माझीच, आणि आजवर फसलेली नाही. आदर्श उत्तरे मी ध्वनिमुद्रित करते. मुलीने ती कानाला लावायची आणि अर्धा शब्द मागे राहत सोबत बोलायचे. श्वाससुद्धा मी घेते तेथेच घ्यायचा.
इंदुलकर (केंद्रात गणित शिकवतात; सदऱ्याला इस्त्री ठाऊक नाही) म्हणाले, "मॅडम, पोरीचा पोपट नका हां करू."
ज्याला स्वतःचा 'श' आणि 'ष' वेगळा काढता येत नाही त्याने

११ मे
प्रगती विलक्षण. 'नाय' गेले. शेपूट खाली आले. इतके तयार कान मी पाहिलेले नाहीत.

१४ मे
केंद्राचा जिना चढत होते. इं. वर दाराशी उभे. मला पाहून चेहरा उतरला.
"मॅडम... मग आत कोण?"
आतून माझा आवाज येत होता. 'वस्तुतः'पूर्वीचा माझा विराम. त्यानंतर माझे ते घसा साफ करणे.
आत रु. एकटी, भिंतीकडे तोंड करून. कानात काही नाही.
घसा साफ केलेला ध्वनिमुद्रणात नाही. असले मी कापून टाकते.
अभिमान वाटला, हे प्रामाणिकपणे नोंदवते. इं. चहा न घेता गेले.

१६ मे
पाटीतली मासळी संपली की दुपारी आईचा फोन येतो. रु.ने तो मेजावर ठेवूनच, स्पीकर लावून घेतला.
"अम्मी, जेवलीस का?"
"मॅडम, पोरीला द्या ना जरा."
"अम्मी, मीच बोलते आहे."
"मॅडम, गरिबाची मस्करी करता काय? ठेवते मी."
रु. हसली. मीही हसले. दोघींचे हसणे एकाच क्षणी थांबले.

१९ मे
सराव मुलाखत. प्रश्नकर्ते इं. "बालपणाविषयी सांग."
उत्तर ठरलेले आहे: बंदर, जाळी, आईची पाटी. रु. शांतपणे म्हणाली, "वसाहतीचा भोंगा झाला की वडील मनगटावरचे घड्याळ काढून कानाशी धरीत. भोंग्यावर त्यांचा विश्वास नव्हता."
ही वसाहत अलोऱ्याची, वीजप्रकल्पाच्या कामगारांची. हे वडील माझे. कोणाला सांगितलेले नाही. सांगण्यासारखे काही नाहीच त्यात.
"बुरोंडीत भोंगा कोठला?" मी विचारले.
"मी असे म्हणाले, मॅडम?" चेहरा कोरा. खोटे बोलणारा चेहरा मला ओळखता येतो. हा तो नव्हता.
घरी येऊन सर्व ध्वनिमुद्रणे ऐकली. भोंगा कोठेही नाही.

२१ मे
रु.ची आई सकाळच्या एसटीने आली. कडक इस्त्रीची ओढणी, हातात पुडके. "सुकट हाय मॅडम. वास येल, भायेर ठेवते." लेकीला नखशिखांत न्याहाळले, गालावर हात फिरवला. मग एकाएकी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.
"आता बोल गो."
"काय बोलू, अम्मी? प्रवास नीट झाला ना?"
आई वळली नाही. "ही माझी नाय."
मी सांगितले की हे उच्चारशिक्षण आहे, परक्या ठिकाणी पोरीचा मान राहील. तिने ऐकून घेतले. म्हणाली, "मान ऱ्हाऊदे. हाळी घालूदे तिला."
धुके असले की होडीला किनारा दिसत नाही. तेव्हा किनाऱ्यावरून ज्या त्या घरचे माणूस हाळी घालते. दर घराची हाळी निराळी, तिच्यावरून होडीवरच्याला आपली माणसे कळतात. वडिलांसाठी ती रु. घालते, लहानपणापासून.
रु.ने तोंड उघडले. शुद्ध, स्पष्ट 'होय' बाहेर पडले. हजेरीला देतात तसे.
मग आईनेच घालून दाखवली. खोल सुरू होऊन मध्येच तुटणारी आणि तुटल्यावर उंच जाणारी. खालचा दुकानदार बाहेर येऊन वर पाहू लागला.
"बाप विचारतो, पोर आजारी हाय काय? काय सांगू त्याला?"
मी म्हणाले, मुलाखत होऊ द्या, मग पूर्ववत होईल. हे मी कशाच्या आधारावर म्हणाले, ते

२२ मे
रु.ला आज्ञा केली: घरी बोलतेस तशी बोल. तिने प्रयत्न केला. तिच्या तोंडून 'नाय' ऐकताना वाटले, नाटकात मासळीवालीची भूमिका मला दिली असती तर मी अशीच बोलले असते.
नंतर ती रडली. रडणे तरी तिचे असावे. खात्री नाही.
मुलाखत रद्द करावी का? इं. म्हणाले, "मग कारखाना." रद्द केली नाही.

२३ मे
अकरा वाजता रु. आतल्या खोलीत, संगणकासमोर. दार बंद. आई जिन्याच्या वरच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून. इं. खाली.
आतून माझा आवाज. एकही वाक्य अडखळले नाही. मंडळातील कोणीतरी "उत्तम" म्हणाले. एवढ्यासाठीच तर सारे केले.
त्याच क्षणी छातीत काहीतरी खोल सुरू झाले, मध्येच तुटले आणि उंच गेले. परवा एकदाच ऐकलेली ती हाळी. मी घातली असे म्हणता येणार नाही. माझ्या तोंडून ती गेली.
आतला आवाज थबकला.
आई वळली नाही. पण तिचे खांदे सैल झाले. किती दिवसांनी घरी परतलेल्याशी बोलावे, तशी बोलली,
"रुक्के, आलीस गो?"
आत पुन्हा उत्तर सुरू झाले, माझ्या विरामांसह. आई जिन्यावर वाट पाहत होती. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले.
आता संध्याकाळ झाली आहे. मी अजून बोललेले नाही.