कारंज्याबाबत माझा स्पष्ट अभिप्राय

४ मे
भागवतसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ढवळेवाडीच्या चौकात पंधरा फुटी रंगीत कारंजं होणार आहे. म्हणाले, मॅडम, तुम्ही आमच्या आर्थिक सल्लागार, अगदी मोकळेपणानं अभिप्राय द्या. वर चहा मागवला.
ढवळेवाडी माझं माहेर. तिथे पाणी टँकरनं येतं, तेही आलं तर. देणार मोकळेपणानं. उद्याच.

५ मे
‘कारंजे नको’ एवढं लिहिलं आणि लॅपटॉप बंद पडला. असल्या यंत्रावर सडेतोड लिहिता येत नाही, विचारांची लय तुटते. नव्या लॅपटॉपची मागणी केली. ती मात्र याच लॅपटॉपवर एका दमात टाइप झाली.

७ मे
आईचा फोन. म्हणाली, कारंजं करत्यात म्हनं, तू हायेस ना तिथं? सांग की त्यांना, आदी नळाला पानी सोडा. म्हटलं, नवा लॅपटॉप येऊ दे. म्हणाली, त्यातनं पानी येतं व्हय?
आईला प्रशासन कळत नाही.

८ मे
माझी लेक अश्विनी म्हणते, आई, पेनानंही लिहिता येतं. कॉलेजात गेल्यापासून ही मुलगी फार बोलते.

१४ मे
लॅपटॉप आला! पाटीएवढा पातळ. पासवर्ड ठेवला ‘निर्भीड’. पडद्यावर कुठलं चित्र लावावं, यात दुपार गेली. शेवटी धबधबा लावला.

१५ मे
‘प्रस्ताव नामंजूर करावा.’ लिहिलं! सही करणार, तेवढ्यात साहेब डोकावले. लॅपटॉप आवडला ना, विचारलं. म्हणाले, कारंज्याच्याच योजनेतून घेतलाय, किरकोळ खर्चात बसवला. योजना रद्द झाली तर परत जाईल. पण तुम्ही लिहा हं, मोकळेपणानं.
वाक्य पुन्हा वाचलं. ‘नामंजूर’ जरा उद्धट वाटतं. ‘फेरविचार करावा’ फारच मोघम. मोघमपणा माझ्या स्वभावात नाही.

१६ मे
अभिप्राय दिला. कुणाची भीड ठेवली नाही. कारंज्याची उंची पंधरा नव्हे, बारा फूटच असावी. साहेब म्हणाले, अशी स्पष्ट बोलणारी माणसं हवीत.
संध्याकाळी आईचा फोन. सांगितलंस का? म्हटलं, ठणकावून. ती हरखली. शेजारच्या जयमालाकाकूंना हाका मारून सांगत होती, माझ्या लेकीनं सायबाला तोंडावर सांगितलं! मग मला विचारलं, मंग पानी कवा येनार?
म्हटलं, आई, आवाज तुटतोय.
तुटत नव्हता.