तीन भाग गहू, एक भाग मका

रविवार, २६ जून
कालचा घाणा आजवरचा सर्वांत सरस! एकही कड करपली नाही. पांढऱ्याशुभ्र चकत्या, साच्यातला क्रूस रेघ न् रेघ उठलेला. नन्सचं कॉन्व्हेंट ईस्टरला बंद झालं, तेव्हापासून गावाच्या मिस्सासाठी — चर्चमधल्या उपासनेत प्रसाद म्हणून वाटायला — मीच भाजतो. दर शनिवारी एक डबा, वर तारीख, थेट आमचे पाद्री अबूना सिमआन यांच्या हातात. कालचा दहावा. कृती माझीच — तीन भाग गहू, एक भाग कॉर्नफ्लोर. त्यानेच तर पांढरेपणा येतो!
शेजारची वदाद म्हणते, "चकत्या गोलच का रे? चौकोनी का नाही?" नियम दाखवतो म्हणालो. सहावीत शाळा सुटली, पण वाचायला मला मास्तर लागला नाही.

सोमवार, २७ जून
भिक्षूंच्या मठातून धर्मनियमांचं पुस्तक आणलं. आकाराचं काही सापडलं नाही. दुसरंच सापडलं.
मिस्साची भाकर, म्हणजे चकती, निव्वळ गव्हाची हवी. दुसरं धान्य फार मिसळलं तर मिस्सा होतच नाही.
होतच नाही! म्हणजे ख्रिस्त त्या भाकरीत येतच नाही!
फार म्हणजे किती? चारात एक — फार?

मंगळवार, २८ जून
आईला चार दिवस लबनेचं, घट्ट दह्याचं, बोटही उतरत नाही. मला ती तिच्या भावाच्या नावाने हाक मारते. पण एक विसरत नाही — "शुक्रवार कधी?" महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अबूना तिच्यासाठी घरी ख्रिस्तप्रसाद आणतात. नुहाद, माझी थोरली बहीण, तिचं सगळं करते. म्हणाली, "तिला आता तेवढंच हवंय."
मे आणि जून. दोन शुक्रवार मी आईला काय भरवलं? मका.

बुधवार, २९ जून — पेत्र-पौलाचा सण
सगळं गाव प्रसादाच्या रांगेत. मी बाकावरून हललो नाही. वदाद जाता जाता कुजबुजली, "काय तन्नूस, फारच मोठं पाप दिसतंय!"
अबूनांनी चकती वर उचलली की मी एरवी मान खाली घालतो. आज बघत राहिलो. कड किंचित तपकिरी वाटली. माझ्या हातची तशी होणं शक्य नाही — उजेडाचा दोष.

गुरुवार, ३० जून
सांगायला गेलो. अबूना अंजिराला पाणी घालत होते. "ये रे. डबा आणलास?"
"शनिवारी," म्हणालो आणि वळलो. फाटकापर्यंत वीस पावलं — मोजली. भित्रट!

शुक्रवार, १ जुलै
नुहादने मेणबत्ती लावली. अबूनांनी डबी उघडली. आईने पाखराच्या पिलासारखं तोंड उघडलं —
मी अबूनांचं मनगट धरलं.
"थांबा! त्यात मका आहे. चारात एक. मीच घातला."
"डोकं फिरलंय का तुझं?" नुहाद ओरडली. "सोड हात! आईसमोर तमाशा!"
अबूना चिडले नाहीत. "तन्नूस, बाळा, सोड." मी सोडला. त्यांनी प्रसाद तिच्या जिभेवर ठेवलाच!
आईने डोळे मिटले. "आला," म्हणाली.
अंगणात मी त्यांना अडवलं. "सगळं ऐकूनही दिलंत?"
"उद्या सकाळी चर्चमध्ये ये. एक कपाट उघडून दाखवतो."

शनिवार, २ जुलै
दहा डबे. माझ्याच अक्षरातल्या तारखा. नऊंची झाकणं मी लावली तशीच. पहिल्या डब्यात एक चकती अर्धी मोडलेली — अबूनांनी पहिल्याच दिवशी चव घेतली होती. गावाला आजवर मिळाल्या त्या मठाच्या चकत्या.
"मग तेव्हाच का नाही बोललात?"
"तू ऐकून घेतलं असतंस?"
मी पहिल्या डब्याचं झाकण परत लावलं.
आईचं बरोबर होतं. आला होता.