देवरहाटीतलं सोलार

२१ नोव्हेंबर, देवदिवाळी

सूर्याच्या विजेचं उद्घाटन आज डिझेलवर झालं!

जनरेटर हातखंब्याहून भाड्याने आणला. देवळामागे ठेवला, भोवती ताडपत्री — फोटोत येऊ नये म्हणून. धूर सरळ गाभाऱ्यात. नवलाईदेवीने एवढी वर्षं धूप सोसला, उदबत्त्या सोसल्या, आज डिझेलही सोसलं.

गावच्या मुंबईकर मंडळाची माणसं अकरा, गाड्या सात. सचिव रितेश माइकवर पाऊण तास बोलला. कार्बन उत्सर्जन, तापमानवाढ, आपल्या पिढीची जबाबदारी. बाहेर त्याचा ड्रायव्हर गाडीत एसी लावून झोपला होता. पाऊण तास तोही चालूच.

मला शाल आणि नारळ. 'गुरवकाकांच्या कित्येक पिढ्यांनी देवीची सेवा केली' वगैरे. शाल पॉलिएस्टरची आहे.

पॅनल बसवले आमच्याच चिरंजीवांनी. समर्थ पनवेलला सोलार कंपनीत फिटर आहे, म्हणून मंडळाने ऑर्डर त्याच्या कंपनीला दिली. देवळाच्या छपरावर आठ पॅनल, अगदी ओळीत, झकास दिसतात. फक्त त्यांच्यावर ऊन पडत नाही.

२२ नोव्हेंबर

ऊन का पडत नाही ते आज कळलं. हसावं की कपाळावर हात मारावा!

मंडळ एरवी गावाला येतं वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला. रितेशने छपराचे फोटो काढले शिमग्यात. तेव्हा देवळामागचे ऐनाचे दोन्ही वृक्ष आणि बेहडा पार उघडे, औषधाला पान नाही. छपरावर लख्ख ऊन. त्या फोटोंवर हिशेब बसवला आणि ऑर्डर दिली. आता झाडं भरगच्च, आणि पॅनल सावलीत आराम करतायत. सभामंडपातला पंखा असा फिरतो की पाती मोजता येतात.

"गणपतीत आला होतात, तेव्हा वर बघितलं नाय?" मी रितेशला विचारलं.

"काका, पावसात वर कोण बघतं?"

रात्री जेवताना समर्थला म्हटलं, रितेश अंधेरीचा, त्याचं सोड. तू याच झाडांखाली वाढलास, तुला ठाऊक नव्हतं? मान खाली घालून म्हणाला, "कंपनीत फोटोवरूनच काम होतं, बाबा." गंगा, त्याची आई, माझ्यावरच भडकली. "जेवू द्या हो त्याला. सुकून गेलाय पोरगा."

२५ नोव्हेंबर

बैठक. ज्या देवरहाटीतून, देवीच्या राखीव रानातून, वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही, तिथली तीन झाडं तोडायची म्हणतायत. कशासाठी? तर पर्यावरणासाठी.

मी म्हटलं, पॅनल शाळेच्या छपरावर न्या. शाळा सड्यावर आहे, उघड्या कातळात, दिवसभर ऊन. मुलांचे पंखे तरी फिरतील. दोन-चार जणांनी माना डोलावल्या. मग फोनच्या स्पीकरवर रितेशचा आवाज, "काका, देणगीदारांची पाटी देवळाची झालीय. ग्रॅनाइटमध्ये कोरलीय."

म्हणजे पृथ्वी वाचली पाहिजे, पण पाटीखालीच.

शेवटी मानकरी दादू उठला. "आपण कशाला भांडायचं? देवीलाच इचारू. रविवारी कौल लावू." सगळे खूश. झाडं तोडली तरी देवीने तोडली, राहिली तरी देवीने ठेवली. कोणाच्याच अंगाला काही लागायचं नाही. आणि कौल लावणार कोण? मीच.

२७ नोव्हेंबर

ऐनाच्या बुंध्यावर चुन्याची खूण! कौल व्हायचाय, देवीने तोंड उघडलेलं नाही, आणि दादूच्या ओळखीचा लाकूडगिरणीवाला टेप लावून गेलासुद्धा.

झाडाला हात लावून उभा राहिलो. वाईट वाटलं, इथे लिहायला लाज कसली. गेल्या मे महिन्यात सड्यावर चपलेतून चटके बसत होते. गावात एकच जागा थंड होती — नव्या पालवीखालची ही. अर्धा गाव दुपारी इथे येऊन लवंडायचा, दादूही. तेव्हा पंखा कोणी मागितला नव्हता. आता पंखा फिरावा म्हणून सावली तोडायची. असली अक्कल शिकून येते, जन्मजात नसते.

समर्थही आला होता. खूण बघून परत फिरला. त्याची रजा त्याने वाढवली आहे. कंपनी म्हणते, वीज नाही तर दोष फिटरचा.

२९ नोव्हेंबर

चाळीस वर्षं कौल लावतोय. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि मागे सरायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लोकांनी लग्नं ठरवली त्यावर, विहिरी खणल्या, भाऊ वेगळे झाले. मी कधी बोट इकडचं तिकडे केलं नाही. मोहाचे प्रसंग आले नाहीत असं नाही.

उद्या उजवी पडली तर? सोमवारी करवत.

३० नोव्हेंबर, रविवार

केलं.

१ डिसेंबर

लिहूनच टाकतो.

उजव्या पाकळीला गूळ लावला. नैवेद्याच्या ताटातला, हरभऱ्याएवढा, बोटावर मळून. डावीला नुसतं पाणी. दादूने गाऱ्हाणं घातलं, "झाडां तोडायला मान्यता असंल तर उजवा दे गो माय." सगळा गाव डोळे ताणून. फोनवर व्हिडिओ लावून मुंबईही डोळे ताणून. डावी दहा मिनिटांत पडली. उजवी आरती संपली तरी हलेना.

"बघा, काय घट्ट धरून बसलीय," एक म्हातारी म्हणाली आणि रडायला लागली. सगळ्यांनी हात जोडले. दादूनेही. रितेशने व्हिडिओतच कान धरले.

झाडं वाचली. मी मात्र देवीसमोर ताठ उभा राहू शकलो नाही. दिवा लावला आणि पाठ फिरवली. दुसऱ्यांच्या ढोंगावर एवढी शाई घालवली, आता माझं ढोंग त्यांच्याहून मोठं झालं.

६ डिसेंबर

पॅनल शाळेवर गेले. समर्थने दोन मजुरांना घेऊन स्वतः चढवले, मजुरी घेतली नाही. चारही वर्गांतले पंखे गरगर फिरतायत. गुरुजी म्हणाले, कागद उडतात, बंद करा. ग्रॅनाइटची पाटीही शाळेच्या भिंतीवर लागली. रितेशने व्हॉट्सॲपवर टाकलं, 'देवीच्या आज्ञेने शाळेला प्रकाश.' खाली एकशे चार हात जोडलेले. सूर्यालाही एवढे कोणी जोडत नाही.

९ डिसेंबर

समर्थला कतारची नोकरी आलीय. गॅसच्या कंपनीत. जमिनीखालचा गॅस उपसून जगभर जाळायला पाठवायचा. इकडची कंपनी ठेवून घेते की नाही, नक्की नाही. ठेवलं तरी पगार तिथल्या पावपट.

गंगा दिवसभर त्याच्या आवडीचं रांधत बसली. एकुलता एक. मी सकाळपासून चिडचिड करतोय. सोलारवाला पोरगा गॅसवाला होणार, म्हणून टोमणा मारला. खरं कारण ते नाही. तो जाऊ नये, एवढंच.

१० डिसेंबर

समर्थ सकाळी आंघोळ करून नारळ घेऊन देवळात आला. म्हणाला, कौल लावा. उजवा दिला तर कतार, डावा दिला तर इथेच. देवी सांगेल ते ऐकेन, तुमचं नाही, आईचंही नाही.

मी पाकळ्या भिजवल्या. तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबा, आज गूळ नको." त्या रविवारी देवीच्या उजव्या खांद्यावरच्या मुंग्या त्यानेच पुसल्या होत्या.

नुसत्या पाण्याने लावल्या. पाच मिनिटांत उजवी पडली.